आरसा वाढला

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात पुसून घ्या, घोटभर पाणी प्या. आता गोष्ट!

पण गोष्टीआधी एक प्रश्न. घाबरू नका, परीक्षा नाही, नापास कुणी होणार नाही! मला एवढंच सांगा — माणूस ऐकतो कशानं?

कानानं? कोण म्हणालं ते? शाबास! पोराला पेढा द्या रे कुणीतरी. आता पुढचं सांगा. समोरचा बोलतो ते आपण ऐकतो, की आपल्याला हवं असतं ते ऐकतो? — झालं, गप्प! एवढा मंडप भरलाय आणि एक जण तोंड उघडत नाही. पुरुष मंडळी तर खाली सतरंजीच बघायला लागली. कशी विणलीय हो? छान आहे ना?

घरचं माणूस बोलायला लागलं, की त्याचं वाक्य निम्म्यावर असतं आणि आपलं उत्तर तयार असतं — "कळलं, कळलं!" हसताय? हसून घ्या आत्ताच. कारण एका भल्या माणसाला असंच 'कळलं', आणि त्यात त्याच्या बायकोचा जीव जायची वेळ आली. ती वाचली की नाही, हे मी आत्ता सांगणार नाही. नीट ऐका.

तालुक्याच्या गावी रघुनाथराव तोडकर नावाचे गृहस्थ. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. माणूस वाईट? छे हो! दारू नाही, तंबाखू नाही, घरात आवाज चढवणं नाही. एकादशी धरणारा, देवळात आला तर मागे बसणारा. खोड एकच. सगळं आयुष्य गाडीच्या गोंगाटात गेलेलं! इंजिन घरघरतंय, पत्रा खडखडतोय, पोरं रडतायत, आणि त्यात एखादी म्हातारी तोंडातल्या तोंडात गावाचं नाव सांगतेय. कंडक्टरनं काय करायचं? निम्मं ऐकायचं, निम्मं आपल्या मनानं जुळवायचं आणि तिकीट फाडायचं! तीच सवय घरात. बायकोनं म्हणावं, "अहो, त्या शेवग्याची फांदी—" की हे म्हणणार, "कळलं, कळलं!" आणि संध्याकाळी पिशवीभर शेंगा घेऊन दारात हजर! ती बिचारी सांगत होती, फांदी कौलावर टेकलीय, तेवढी तोडा.

बायकोचं नाव मथुराबाई. पोरगी लग्न होऊन सासरी, घरात ही दोघंच. मथुराबाई म्हणजे कशी बाई? अशुभ शब्द जिभेवर येऊ द्यायची नाही! घरातून निघताना "जाते" म्हणाली नाही कधी, "येते" म्हणायची. शेजारचं पोर खेळता खेळता "मेलो, मेलो" ओरडलं, की ही धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवायची. "असं बोलू नये राजा, वास्तू तथास्तु म्हणत असते." अशा बायका आहेत ना आपल्याकडे? आहेत! इथंच बसल्यात!

आता झालं काय, रघुनाथराव एका लग्नाला गेले. मंगल कार्यालयात शिरताना समोरून एक गृहस्थ आले. डोक्यावर टक्कल, पोट पुढे, सदऱ्याची गुंडी ताणलेली. रघुनाथरावांनी हात जोडले, "या, या!" त्यानंही जोडले! — मंडळी, भिंतीवर आरसा होता! जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत! दाढी करायला हातभर आरसा वापरणारा माणूस, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला अख्खं बघितलं. धक्काच बसला. हा मी? हा एवढा?

वाटलं असेल, माणूस हादरला तर पोट कमी करायच्या मागं लागेल. नाही! तो आरशाच्या मागं लागला. आपल्या घरात असा उभा आरसा पाहिजे! मोबाइलवर तर सगळंच शिकवतात हल्ली. त्यात एक जण दाखवत होता, घरच्या घरी उभा आरसा कसा करायचा. नुसती आरशाची काच आणायची. तिच्या मापाची प्लायची फळी कापून घ्यायची. काच फळीवर चिकटवायची, भोवती लाकडाची पट्टी ठोकायची. झाला आरसा! रघुनाथरावांनी ती चित्रफीत इतक्या वेळा पाहिली, की मथुराबाईंना पोळ्या लाटता लाटता ती पाठ झाली.

आणि म्हणूनच ती म्हणाली, "अहो, आधी फळी कापून आणा. काच मागून येऊ दे. उघडी काच घरात नको, तिच्या पाठीला काही नाही, ती कशी उभी राहायची?"

"कळलं, कळलं!"

काय कळलं? काही नाही! गेले आणि आधी काच सांगून आले. चार फूट उंच, दीड फूट रुंद. काचवाला म्हणाला, "भाऊ, मोठ्या काचेतून तुकडा निघतोय का बघतो. निघाला तर तेवढ्याच पैशात आरसा वाढवून देतो. गुरुवारी सकाळी घरी पोचवतो." आरसा वाढवून देतो! हा शब्द रघुनाथरावांच्या डोक्यात जाऊन बसला. चारचा साडेचार होतो की काय, पाच होतो की काय!

गुरुवार उजाडला. रघुनाथराव सकाळचं आवरून फळी कापायला बाहेर पडले. मथुराबाई म्हणाली, "काच यायची वेळ झालीय, थांबा की जरा." हे स्कूटरला किक मारत म्हणाले — काय म्हणाले? बोला! सगळे मिळून बोला!

कळलं, कळलं!

प्लायवुडचं दुकान कांतीशेठचं. बाजारपेठेच्या टोकाला मोठं शेड, एका बाजूला फळ्या उभ्या लावलेल्या, दुसऱ्या बाजूला कापायचं मशीन. ते मशीन सुरू झालं की शेजारच्याला कानात बोललेलं ऐकू यायचं नाही. सगळीकडे भुसा. कांतीशेठ गल्ल्यावर बसलेले, कानावर पेन्सिल.

"या, तोडकरभाऊ! काय पाहिजे?"

"आरशाच्या मागं लावायला फळी. चार बाय दीड. आणि शेठ, कोपरे काटकोनात पाहिजेत हां! सुतभर फरक चालणार नाही. मी चित्रफीत बघून आलोय!"

"काच आणलीय का बरोबर?"

"काच घरी येतेय."

"मग काच घरात येऊ द्या, टेप लावा, आणि मग या. काच सांगितलेल्या मापाची येतेच असं नाही. कापलेली फळी मला परत जोडून देता येणार नाही."

बघा! दुकानदार स्वतःच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय! पण आपले रघुनाथराव कसले थांबतात? "तुम्ही कापा हो!" आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला.

आता, बायांनो, तुम्ही ऐका. पुरुषांनी नाही ऐकलं तरी चालेल, त्यांना सवय आहे!

"अहो—" मथुराबाईंचा आवाज. बारीक. दमल्यासारखा. "कुठं आहात?"

"शेठच्या दुकानात! काचवाला आला का?"

"येऊन गेला. अहो... आरसा वाढला."

— काय झालं, मावशी? हात का गेला तोंडावर? त्या कोपऱ्यातल्या बायका दचकल्या. तुम्हाला कळलं ना? अर्ध्या क्षणात कळलं! पुरुष मंडळी अजून माझ्याकडे बघतायत, आरसा वाढला तर वाढला, त्यात काय?

अरे बाबांनो! बांगडी फुटली तर तुमची आई काय म्हणते? बांगडी वाढली. देवापुढचा दिवा मालवताना काय म्हणते? दिवा वाढवला. मंगळसूत्र तुटलं तर? वाढलं! आपल्या बायका सौभाग्याच्या वस्तूला फुटलं, तुटलं असं म्हणत नाहीत. जे मोडलं ते 'वाढलं'! ती मथुराबाई सांगतेय — आरसा फुटला हो, आरसा फुटला!

आणि रघुनाथरावांनी काय ऐकलं? काचवाल्यानं मोठा तुकडा दिला!

"वाढला? वा, वा, वा! केवढा?"

केवढा! ऐकताय ना? केवढा!

त्या बाईला वाटलं, नवरा विचारतोय कितपत मोडतोड झाली. "सगळाच वाढला. आणि माझ्या हाताला—"

घुर्रर्रर्र! मशीन सुरू झालं!

"—भर. वीतभर. या लवकर."

"वीतभर! कळलं, कळलं! आलोच! तू काही काळजी करू नकोस!"

फोन बंद. आणि रघुनाथराव दुकानात दोन्ही हात पसरून म्हणाले, "शेठ! नशीब बघा आमचं! आरसा वीतभर वाढला! फळी वाढवा! उंचीलाही नऊ इंच, रुंदीलाही!"

मंडळी, अंगावर काटा येतो की नाही? तिकडे काय झालं होतं, ते आता सांगतो.

काचवाला काच भिंतीला टेकवून निघून गेला. त्याचं तरी काय चुकलं, त्याला वाटलं घरात फळी तयार असेल. उघडी काच, गुळगुळीत फरशी. मथुराबाई लांबून बघत होती. काच खालून सरकायला लागली. आपण काय केलं असतं? मागे झालो असतो. ती पुढे झाली. नवऱ्यानं एवढ्या हौसेनं मागवलेली काच! तिनं उजव्या हातानं ती धरायला बघितलं. काच खाली गेली आणि हात काचेवरून गेला. मनगटापासून वर, वीतभर.

ओरडली का? नाही. शेजारी भागूमावशी भिंतीला भिंत लागून राहतात, नुसती हाक मारली असती तरी आल्या असत्या. नाही मारली. का? कारण भरल्या घरात, गुरुवारी सकाळी, सवाष्ण बाईच्या हातून आरसा फुटला! लोक काय म्हणतील? नवऱ्याच्या आयुष्याला अपशकुन म्हणतील! तिनं हाताला पदर गुंडाळला, एका हातानं फोन लावला, आणि ज्याला हक्कानं सांगायचं त्याला सांगितलं. जेवढं तिच्या तोंडून निघत होतं तेवढं सांगितलं. आणि तो म्हणाला, आलोच. काळजी करू नकोस.

आता ती दुसऱ्याला हाक मारेल कशाला? नवरा येतोय की!

आणि मंडळी, ती काय करत बसली? केरसुणी घेऊन काचा गोळा करायला लागली! रक्त गळतंय, आणि ही डाव्या हातानं काचा लोटतेय! कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून! एवढी भीती? एका काचेची? अरे, काच ती काच! वाळूपासून केलेली! तिला काय कळतंय कुणाचं आयुष्य किती ते? आपण त्या बाईच्या डोक्यात हे भरलं. पिढ्यान्‌पिढ्या भरलं. आणि आज ती त्याची किंमत फरशीवर सांडत होती.

इकडे दुकानात? इकडे उत्सव! एक कड कापून झाली, रघुनाथराव वाकून एका डोळ्यानं बघतायत. "शेठ, इथं जरा खरबरीत आहे, पॉलिशपेपर मारा." मारला. "ह्या कोपऱ्याला गोलाई द्या." दिली. "पट्टी सागवानाची दाखवा." दाखवली. "नको, गडद दाखवा." गडद दाखवली! मध्ये चहा आला. घेतला! कांतीशेठनं विचारलंसुद्धा, "भाऊ, वहिनी लवकर या म्हणत होत्या ना?" तर म्हणतात, "अहो, तिलाही हौस! आरसा बघून बसलीय, कधी एकदा लागतोय म्हणून!"

तिलाही हौस! तिकडे त्या बाईच्या डोळ्यांसमोर अंधारी यायला लागलेली. केरसुणी हातातून सुटलेली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, चौकटीला पाठ लावून बसली, दाराकडे बघत. स्कूटरचा आवाज येतो का, स्कूटरचा आवाज येतो का.

बायांनो, रडू नका. ऐका अजून.

दुपार झाली. फळी स्कूटरच्या मागे दोरीनं उभी बांधून झाली. बाजारपेठ जेवायला बंद व्हायची वेळ. कांतीशेठ उठले, गल्ला लावला, हात झटकले आणि म्हणाले, "चला भाऊ, दुकान वाढवतो आता."

रघुनाथराव खुशीत होते. थट्टेनं म्हणाले, "वाढवताय? बाजूचा गाळा घेतलात की काय?"

कांतीशेठ हसले. "काय भाऊ, एवढी वर्षं गावात राहून! वाढवतो म्हणजे बंद करतो. दुकान बंद करतो असं म्हणू नये. माझी आई तर काचेचा पेला फुटला तरी पेला वाढला म्हणायची."

मंडळी, रघुनाथरावांचा हात स्कूटरच्या हँडलवर होता. तो तसाच राहिला.

पेला वाढला. आरसा वाढला.

सगळाच वाढला. हाताला... वीतभर... या लवकर.

आता ऐकू आलं! मशीन बंद झालेलं, दुकान बंद झालेलं, तेव्हा कुठं ऐकू आलं! तो दमलेला आवाज, तो बारीक श्वास, ते मधलं थांबणं, सगळं तेव्हाही कानात पडलंच होतं, पण आत कुणी घेतलं नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला. कांतीशेठ म्हणाले, "भाऊ, काय होतंय?" फोन लावला. वाजतोय... वाजतोय... वाजतोय... कुणी उचलत नाही. पुन्हा लावला. वाजतोय. कुणी नाही.

फळी सोडायचं भान कुठलं? फळीसकट स्कूटर सुटली! बाजारातून, भाजीवाल्यांच्या मधून, मागे ती भलीमोठी फळी हेलकावतेय, लोक शिव्या देतायत, "अहो आजोबा, मरायचंय का!" ऐकतोय कोण? तोंडात एकच — मथुरा, मथुरा, मथुरा. देवाचं नाव नाही हो! एकादशी धरणारा माणूस, पण त्या वेळी देवाचं नाव आठवलं नाही. आणि मी सांगतो, देवाला त्याचा राग आला नसेल.

गल्ली अरुंद. स्कूटर भिंतीला टेकवली ती पडलीच, फळी सुटून खाली आली. दार ढकललं.

आत... काय सांगू? फरशीवर एका कोपऱ्यात काचा नीट गोळा केलेल्या. ढीग नीट, बरं का! आणि तिथून उंबऱ्यापर्यंत लाल रेघ. उंबऱ्याशी मथुराबाई मान टाकून बसलेली, मांडीवर पदराचा बोळा, तो भिजून काळा पडलेला. मोबाइल पायाशी. त्याच्यावर ह्याचंच नाव.

"मथुरा!"

रघुनाथराव किंचाळले, तशा भागूमावशी धावत आल्या. भागूमावशींचा मुलगा जालिंदर रिक्षा चालवायचा, त्यानं रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आणली. आत येत नव्हती. उचलून न्यायची तर कशी? रघुनाथराव वयस्कर, जालिंदर एकटा. त्याला दारातली फळी दिसली. "काका, फळीवर घ्या! दोघं धरू!"

आणि भागूमावशी दारात आडव्या! "फळीवर? अरे, सवाष्ण बाईला फळीवर आडवी घालून दाराबाहेर काढता? तिरडी काढल्यासारखी? अभद्र! मी नाही काढू द्यायची!"

आता काय म्हणावं? बाईचा जीव चाललाय, आणि शकुन बघतायत! पण भागूमावशींना नावं ठेवू नका. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही क्षणभर थांबला असता. रघुनाथरावही थांबले. हो, थांबले! हात पुढे केलेला, तो मागे घेतला.

तेव्हा मथुराबाईंनी डोळे उघडले.

जिनं जन्मात वाकडा शब्द उच्चारला नाही, जी "जाते" म्हणायला घाबरायची, ती बाई त्या तिघांकडे बघून बोलली. हळू, पण एकेक शब्द सुटा.

"फुटला. आरसा फुटला. माझा हात कापला. मी मरतेय. घाला मला फळीवर."

मंडळी, भागूमावशी बाजूला झाल्या. आणि रघुनाथराव? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी त्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. फळीवर घेतली, पाय बाहेर लोंबत होते, जालिंदर पुढे, रघुनाथराव मागे, गल्लीतले लोक दारादारात उभे. कुणी कपाळावर हात मारला, कुणी नमस्कार केला, वाटलं बाई गेलीच!

आता मला माहीत आहे, तुमच्यातला एखादा मनात म्हणणार — बघा, फळी वीतभर मोठी कापली गेली, म्हणून तर बाई तिच्यावर मावली! देवाची करणी! खबरदार! माझ्या कीर्तनात असलं बोलायचं नाही! आपल्या बेफिकिरीला देवाचं नाव लावायचं नाही. वेळेवर ऐकलं असतं तर फळी लागलीच नसती, ती बाई स्वतःच्या पायांनी रिक्षात बसली असती.

वाचली. श्वास सोडा, मंडळी, वाचली. टाके पडले, रक्त चढवलं. पण उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली, ती कायमची. डॉक्टर म्हणाले, शीर कापली होती, लवकर आणलं असतं तर बघता आलं असतं. लवकर! फोनमधला शेवटचा शब्द तोच होता.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली, तर नवरा कॉटशी बसलेला, डोळे सुजलेले. आणि तो काय म्हणाला, सांगू? माणसाचा स्वभाव बघा! रडत रडत म्हणाला, "मथुरा, अगं सरळ 'फुटला' म्हणायचं होतंस! 'वाढला' म्हणालीस, मला कसं कळणार?"

अजून चूक तिचीच!

पण ती? रागावली नाही. म्हणाली, "अहो, मी शब्द चुकीचा वापरला असेल. पण तुम्ही विचारलंत, केवढा. आरसा केवढा ते विचारलंत. 'तुझा आवाज असा का येतोय' एवढं विचारायला शब्द कळावा लागतो का?"

रघुनाथरावांनी कॉटच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकवलं. ती पुढे म्हणाली, "काचेच्या पाठीला फळी पाहिजे म्हणून सकाळपासून बाहेर होतात. माझ्या पाठीला कोण होतं?" — आणि मग ह्या बाईनंच त्याच्या डोक्यावर चांगला असलेला डावा हात ठेवला. कारण तो फार रडायला लागला होता.

पुढे आरसा त्या घरात लागला नाही. फळी जालिंदरनं नेली, त्याच्या आईला पाट करायला.

आता गोष्ट संपली, बारी तुमची. बायांनो, आधी तुम्ही! हसून मान हलवत होता मघापासून, नवऱ्याला कोपरखळ्या मारत होता! तुम्हाला सांगतो, शुभ बोलावं, जरूर बोलावं. पण रक्त आलं तर रक्त म्हणा. दुखलं तर दुखलं म्हणा. दम लागतो, छातीत कळ येते, गाठ हाताला लागते, आणि तुम्ही म्हणता, "जरा बरं नाही." कुणाला कळणार? तुमच्या तोंडून एक खरा शब्द बाहेर पडला म्हणून कुणाचं आयुष्य कमी होत नाही. मी ह्या गादीवर उभा राहून सांगतो, होत नाही!

आणि पुरुष मंडळी, वर बघा. सतरंजी झाली बघून. तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही दारू पीत नाही, हात उगारत नाही, कमावून आणतो. रघुनाथरावही तसेच होते! त्यांच्यासारखा सज्जन शोधून सापडला नसता! म्हणून तर ही गोष्ट सांगितली. दारुड्याची सांगितली असती, तर तुम्ही सगळे आरामात बसला असता, ही आपली नव्हे म्हणत. घरातलं माणूस बोलतं तेव्हा त्याचा शब्द ऐका, आणि शब्दाबरोबर आवाज ऐका. तो बारीक झालाय का, थांबतोय का, बघा. आणि पहिला प्रश्न वस्तूचा विचारू नका, माणसाचा विचारा. काय सांडलं, केवढं गेलं, कुणी पाडलं, हे नंतर. आधी — तुला लागलं का?

एवढं जमलं, तर पांडुरंगापुढं उभं राहून डोळे मिटायचा अधिकार आहे आपल्याला. नाहीतर—

थांबा. कुणाचा फोन वाजतोय?

कोण? त्या खांबाशी बसलेले... कोण तुम्ही, गोविंदतात्या? बंद करू नका! अहो, बंद कशाला करताय, मी रागावलो नाही! कुणाचा आहे? घरून? घरचा आहे! मग उचला! इथंच उचला. मृदंगवाले, आवाज नको. मंडळी, कुणी खोकू नका.

काय म्हणतायत वहिनी? — कीर्तन कधी संपेल विचारतायत. बरं. हसू नका रे तुम्ही! तात्या, ठेवू नका फोन. 'येतो' म्हणून ठेवत होता ना? ठेवू नका. आता विचारा. लाजू नका, आम्ही सगळे ऐकतोय, ऐकू दे! विचारा, तुझा आवाज असा का येतोय? तू बरी आहेस ना?

... काय म्हणाल्या?

... तात्या, काय म्हणाल्या वहिनी?

सकाळपासून अंगात ताप आहे? आणि उठवत नाही? आणि तुम्ही सकाळी घरातून जेवून निघालात?

उठा, तात्या. टाळ राहू दे तिथंच, आम्ही सांभाळतो. मंडळी, पाय आवरा. वाट द्या त्यांना.